हळदीसाठी राखून ठेवलेला पाय

भिवंडीतल्या कितीतरी घरांत माळ्यावर माझे पाय पडलेत. माझे म्हणजे मी बनवलेले. जुन्या पिंपामागे, गणपतीच्या मखराशेजारी, गोधड्यांच्या गाठोड्याखाली. मी कृत्रिम पाय बसवते, पोलिओवाल्यांच्या पायांना आधाराचे कॅलिपर करते, पाठीचे-मानेचे पट्टे करते, आणि तेही घरी जाऊन. कारण माझे बहुतेक पेशंट घराबाहेर पडूच शकत नाहीत. यंत्रमागाच्या कारखान्यावर खोली, जिना शिडीसारखा उभा, आणि माणसाचा एक पाय गेलेला. तो दवाखान्यात येणार कसा? मग मीच जाते. स्कूटरवर पायाशी बादली, पिशवीत प्लास्टरच्या पट्ट्या, टेप, पेन्सिल. बावीस वर्षं झाली. लोक मला पायवाली म्हणतात. आधी राग यायचा, आता कुणी मॅडम म्हटलं की दुसऱ्याच कुणाला हाक मारताहेत असं वाटतं.

केवढं पुण्याचं काम करता तुम्ही, असं भेटेल तो म्हणतो. डोंबलाचं पुण्य. पाय बसवला की माणूस चालायला लागला, असं लोकांना वाटतं. पहिल्या दिवशी चालतो, खरंय. घरचे फोटो काढतात, पेढा देतात. सहा महिन्यांनी जाऊन बघावं तर माणूस पुन्हा खाटेवर आणि पाय माळ्यावर. कुणाला टोचतो, कुणाला जिना उतरवत नाही, कुणाला शेजारपाजारच्या नजरा सहन होत नाहीत. ही हार मी इतक्यांदा बघितलीय की आता नवीन पाय हातात घेतानाच तो कुठल्या माळ्यावर जाणार ते डोळ्यांपुढे येतं.

एक पाय मात्र माळ्यावर गेला नव्हता. तो कपाटात होता, पैठणीशेजारी. तो माळ्यावर गेला असता तर बरं झालं असतं, असं मी आजही म्हणते.

बाई वळ गावची. सत्तरीच्या आतबाहेर. शेती होती तिथं आता गोदामं आहेत, आणि शेतावरच्या घराच्या जागी तीन मजली बंगला. फरशी अशी गुळगुळीत की दोन पायांचा माणूसही जपून चालेल. साखरेनं अंगठा सडला, मग पाऊल, मग डॉक्टरांनी गुडघ्याखाली पाय कापला. पण गुडघा वाचला होता. आमच्या धंद्यात ही केवढी गोष्ट आहे ते सांगायला हवं. गुडघा राहिला तर म्हातारी बाई स्वतः उठते, स्वतः संडासला जाते, चार माणसांत वावरते. गुडघा गेला, त्यात वय, त्यात दम लागणारं काळीज, की मग तिला दुसऱ्यानं उचलायचं, दुसऱ्यानं धुवायचं. मधे काही नाही. मी तिच्या मुलाला पहिल्याच दिवशी बजावलं होतं, "काहीही करा, पण हा गुडघा सांभाळा."

तो म्हणाला, "मॅडम, आमच्यापेक्षा आईलाच सांगा. ती कुणाचं ऐकते होय?"

ती बाहेरच्या सोफ्यावर बसली होती. सोफा घेऊन तीन वर्षं झाली होती आणि त्यावरचं प्लॅस्टिक अजून काढलेलं नव्हतं. मी खाली चादर मागितली, प्लास्टर सांडेल म्हणून. ती हसली. "कागद हाय ना वरती. तुझ्या चुन्याचं डाग पडाचं न्हाय. बघ, सून रोज बोलते काढा काढा, आज कामाला आला." टीव्हीचा रिमोटही प्लॅस्टिकच्या पिशवीत, रबर लावून. मला गंमत वाटली. आमच्या घरी पाहुण्यांच्या कपबश्या अशाच होत्या. आई गेली तेव्हा त्या कोऱ्याच्या कोऱ्या निघाल्या.

मी सगळ्यांना एक प्रश्न विचारते. पाय मिळाल्यावर पहिलं काय करणार? मनात काही धरलेलं असलं की माणूस सराव करतो, असा माझा अनुभव. ती म्हणाली, "मना उभं ऱ्हायाचं हाय. नातवाच्या हलदीला."

नातवाचं लग्न ठरलेलं होतं, वैशाखात. त्याची आई, म्हणजे हीच सून, तेव्हा दुकान बघायची, म्हणून हा पोरगा आजीच्याच हाताखाली वाढला होता. त्यानं घरात जाहीर केलं होतं की पहिली हळद आजीच्याच हातची लागणार. आता ही विधवा. भावकीत कुजबुज सुरू झाली होती. ती मला अगदी शांतपणे म्हणाली, "नवरा नसलेली बाई हलद लावते बोलून नावं ठेवतीलच. त्यान खुर्चीत बसून लावली तं लंगडीनं लावली बोलतील. उभी ऱ्हायले तं एक तरी तोंड बंद व्हईल."

मी म्हटलं, "राहाल. मी उभी करते तुम्हाला." असं बोलायला काय जातं? जीभ उचलली की टाळ्याला लावली.

पाय चांगला झाला होता. हे मी कौतुक म्हणून नाही सांगत, चांगला झाला होता म्हणून तर जास्त जळतं. उरलेला पाय ज्यात बसतो तो कडक पेला, त्याच्या आत मऊ फोमचं आवरण, खाली पाऊल. पहिल्यांदा घातला तेव्हा माझ्या खांद्यावर सगळा भार टाकून ती उठली आणि म्हणाली, "यवढा जड कशाला केलास गो? मी कं बैल हाय?" सून तोंडाला पदर लावून हसायला लागली. तीन आठवडे मी दिवसाआड जात होते. वॉकर धरून ती सोफ्यापासून स्वयंपाकघरापर्यंत, मग बाहेरच्या ओट्यापर्यंत, मग तुळशीपर्यंत जाऊ लागली. पाय काढल्यावर मी कातडी बघायची. कुठे लाल नाही, कुठे घासलेलं नाही.

शेवटच्या दिवशी सगळं समजावून सांगितलं. रोज घाला, वेळ वाढवत न्या. काढला की लगेच पट्टी बांधा, नाहीतर उरलेला पाय सुजतो आणि पेल्यात बसत नाही. मऊ आवरणाशिवाय घालायचा नाही, काही झालं तरी. रोज आरशात कातडी बघा, कारण साखरेमुळे तुम्हाला तिथं दुखणार नाही. तिनं मान डोलावली. सुनेनंही डोलावली.

मग मी जायचं बंद केलं. मानकोलीच्या पुढे एक मूल होतं, त्याच्या दोन्ही पायांना पट्टे करायचे होते. काल्हेरला दोन पेशंट नवीन आले. कंटेनरच्या रांगेत स्कूटरवर अर्धा दिवस जायचा. मी फोन करायची. "घालता ना रोज?" "घालते तं. झकास चालते." आवाज असा खणखणीत की मला बरं वाटायचं. उंटावरून शेळ्या हाकत होते, दुसरं काय. फोनवर कातडी दिसत नाही, हे मला कळायला हवं होतं. चार महिन्यांत एकदा, फक्त एकदा गेले असते तर ओट्यावरूनच कळलं असतं.

झालं होतं असं की मी शेवटची येऊन गेले त्याच्या दुसऱ्याच दिवशी तिनं पाय पुसला, पावडर लावली, जुन्या सुती लुगड्यात गुंडाळला आणि कपाटात ठेवून किल्ली कमरेला लावली. रोज घालून जुना झाला, ओरखडे पडले, तर हळदीला काय घालू? नवी वस्तू चांगल्या दिवसासाठी ठेवायची. जन्मभर तेच केलेलं. साडी, भांडं, सोफा, तसाच पाय. आणि पाय घालायचा नाही तर पट्टी तरी कशाला बांधायची, म्हणून तीही सुटली. सुनेला माहीत होतं. ती मला नंतर म्हणाली, "आईंना कोण बोलणार? आणि मॅडम, मलाही वाटलं, बरोबरच आहे की. आपणही नवीन चप्पल लग्नाआधी घालत नाही." मी तिला काय बोलू? माझ्या आईच्या कपबश्या मी बघितल्या होत्या. रिमोटची पिशवी बघितली होती. माझ्या डोक्यात का आलं नाही?

हळदीचं निमंत्रण द्यायला तिचा मुलगा स्वतः माझ्या घरी आला. "तुम्ही नाही आलात तर आई मला घरात घेणार नाही." मी गेले. अंगणात मांडव, बाहेर ओळीनं गाड्या, धवलारीण गाणी म्हणत होती, मधेच डीजेवाला आवाज तपासत होता. नातू पाटावर बसला होता. आणि ती आली. पिवळं लुगडं, अंबाड्यात गजरा, हातात वॉकर नाही, नुसता सुनेचा हात. ती पाटाजवळ गेली, सुनेचा हात सोडला, वाकली आणि नातवाच्या गालाला हळद लावली. तो पोरगा रडायला लागला. भावकीतल्या बायका, ज्यांची तोंडं बंद करायची होती, त्यांनीच पहिल्यांदा टाळ्या वाजवल्या.

मीही वाजवल्या. रडले. कुणीतरी विचारलं, "पाय तुम्ही केला का हो?" मी म्हटलं, "हो." पाठोपाठ आणखी दोघं आले, एकानं माझा नंबर घेतला. बावीस वर्षांत माझ्या कामाचं असं कौतुक चारचौघांत कधी झालं नव्हतं.

आणि तेव्हाच मला तिचं पाऊल दिसलं. लुगड्याच्या काठाखालून पंजा बाहेरच्या अंगाला वळलेला होता, चांगला चार बोटं. मी बसवला तेव्हा तो सरळ होता. पाय नीट आत गेला नाही, कसातरी ढकलून बसवला, की पंजा असा वळतो. हे शिकाऊ पोरालाही कळतं. हिला आत नेऊन पाय काढायला हवा, आत्ताच्या आत्ता, हे मला त्या क्षणी लख्ख कळलं. यात गैरसमजाला जागा नव्हती.

मी गेले नाही. मनाशी म्हटलं, लुगड्यामुळे तसा दिसत असेल. म्हटलं, एवढ्या लोकांत कसं उठवायचं. म्हटलं, थोडा वेळ. तिनं माझ्याकडे बघून हनुवटी वर केली, बघ म्हणून. मी हात हलवला. पुढचे दोन तास ती उभी होती. लोक येत होते, पाया पडत होते, फोटो काढत होते, आणि ती बसत नव्हती. मी जेवले, गोड खाल्लं, फोटोत तिच्याशेजारी उभी राहिले आणि घरी आले.

दुसऱ्या दिवशी फोन करणार होते. लग्नाची गडबड असेल म्हणून केला नाही. नंतर करायला भीती वाटली, हेही लिहून टाकते.

आठव्या दिवशी मुलाचाच फोन आला. "मॅडम, आईच्या पायाला जरा वास येतोय." मी तशीच निघाले. उरलेल्या पायावरचा मोजा सोडवताना त्याच्याबरोबर कातडी आली. हाडाच्या टोकाशी जखम, आत काळं पडलेलं, कडेनं पू. ती मात्र खाटेवर बसून सुपारी कातरत होती, कारण तिला काही दुखतच नव्हतं. सून रडत सांगू लागली. सुजलेला पाय आत जाईना, म्हणून मऊ आवरण काढून टाकलं होतं, साबणाचं पाणी लावलं होतं आणि दोघींनी मिळून ढकलला होता. दोन तास नुसत्या कडक प्लॅस्टिकवर ती उभी होती. नंतर जखम दिसली तर लग्नघरात दवाखाना नको म्हणून आठ दिवस हळद भरत राहिल्या. मुलगा माझ्याकडे वळून म्हणाला, "आता काय करायचं?" मी सांगितलं, गाडी काढा. बैल गेला नि झोपा केला.

गुडघा गेला. मांडीच्या मधोमध कापावं लागलं.

दोन महिन्यांनी भेटायला गेले. मापाची पिशवी घेतली नव्हती, तसं मापाचं काही उरलंच नव्हतं. ती खालच्या खोलीत पलंगावर होती, डायपर लावलेला, वजन निम्म्यावर आलेलं. कूस बदलायलाही सून लागायची. मला बघून तिनं उशीखालून मोबाइल काढला. नातवानं हळदीचा व्हिडिओ घालून दिला होता आणि ती तो दिवसातून किती वेळा बघायची ते सुनेनं हळूच सांगितलं. "बस. बघ, कशी उभी हाय." आम्ही दोघींनी बघितलं. ती हळद लावते, नातू रडतो, मागे मी टाळ्या वाजवते. ती चेहरे बघत होती. मी काठाखालचं पाऊल बघत होते. मोबाइलच्या एवढ्याशा पडद्यावरही ते वळलेलं स्पष्ट दिसत होतं.

व्हिडिओ संपला. सून चहा ठेवायला आत गेली, तशी ती आवाज खाली आणून म्हणाली, "ही बोलते, त्या दिवशी पायवाली हुती ना मांडवात, तिनं का न्हाय थांबवलं? मी तिला लय बोलले. बोलले, तिचा कं दोष? आपुन तिच्याशी खोटं बोललो. नुसत्या लुगड्यावरना तिला कसं कलनार बिचारीला?" आणि तिनं माझा हात धरला. "तू मनाला लावून घेऊ नको, पोरी."

मी सांगायला हवं होतं. तोंडाशी आलं होतं. पण मग तिच्याकडे तो व्हिडिओसुद्धा राहिला नसता, असं मी तेव्हा मनाला समजावलं. खरं कारण एवढंच की मला माफी हवी होती आणि ती फुकट मिळत होती. मी म्हटलं, "नाही कळलं मावशी." तिनं माझा हात थोपटला आणि व्हिडिओ पुन्हा पहिल्यापासून लावला.