फोन इथेच राहू दे

आमचं दुकान एकच, पण धंदे दोन. दाराजवळ माझं शिलाईचं मशीन, मधे एक जाड पडदा आणि पडद्यापलीकडे काकूंचं टेबल. मागे दोघींत मिळून एक छोटी खोली. तिचं दार मागच्या गल्लीत उघडतं.

काकू लोकांचे कॉम्प्युटर आणि फोन बघतात. आधी त्या एका कारखान्याच्या ऑफिसात टायपिंग करायच्या. तिथे कॉम्प्युटर आले तेव्हा शिकवायला आलेला माणूस दोन दिवसांत निघून गेला आणि बाकीचं काकूंनी बटणं दाबून, चुका करून, स्वतःच शिकून घेतलं. कारखाना बंद झाल्यावर त्या इथे आल्या. गिऱ्हाईक सगळं घरगुती. आजोबांना अक्षरं मोठी करून हवी असतात, शिकवणी घेणाऱ्या बाईंना फायली जोडणारं सॉफ्टवेअर हवं असतं, कोणाचे फोटो आपोआप दुसरीकडे साठायला हवे असतात. काकू मोजक्याच गोष्टी टाकून देतात: पासवर्ड सांभाळणारं एक अ‍ॅप, ब्राउझरला जोडायचं जाहिराती अडवणारं एक एक्स्टेन्शन, वाचून दाखवणारं एखादं. पण त्यांचं खरं काम नको ते काढून टाकायचं. फोन हातात घेतला की एकेका अ‍ॅपवर बोट ठेवून त्या विचारतात, "हे लागतं का तुम्हाला?" लोकांनी त्यांचं नावच लागतं-का काकू पाडलंय. त्यांना ते माहीत आहे आणि फारसं आवडत नाही.

त्या दिवशी दुपारी एक मुलगी आली. असेल सव्वीस-सत्तावीसची. पुढच्या चौकातल्या रक्त तपासायच्या लॅबमध्ये कामाला होती, अंगात पांढरा कोट तसाच. जेवायच्या सुट्टीत आली होती. फोन गरम होतो, सकाळी भरलेली बॅटरी बारा वाजता पुन्हा भरावी लागते, एवढंच तिचं म्हणणं. पडदा अर्धा सरकलेला होता, त्यामुळे मला दोघी दिसत होत्या. मी एका पँटची खालची शिवण उसवत होते.

काकूंनी बॅटरी कोण खातंय ती यादी उघडली. नेहमीप्रमाणे बोट खाली खाली सरकत गेलं आणि एका ठिकाणी थांबलं. "हे लागतं..." एवढं म्हणून त्या गप्प झाल्या. काकू वाक्य अर्धवट सोडत नाहीत, म्हणून मी मान वर केली.

त्यांनी पावतीपुस्तक ओढलं, मागच्या कोऱ्या बाजूला काहीतरी लिहिलं आणि मुलीपुढे सरकवलं. तो कागद मी नंतर पाहिला. त्यावर लिहिलं होतं: बोलू नकोस, नुसती मान हलव. 'बॅटरी रक्षक' नावाचं हे अ‍ॅप तू टाकलंस?

मुलीने मान हलवली. नाही.

काकूंनी पुन्हा लिहिलं. नाव बॅटरीचं आहे, पण याला माइक, मेसेज, तू कुठे आहेस ते, आणि स्क्रीनवर काय चाललंय ते वाचायची परवानगी दिलेली आहे. चिन्ह मुद्दाम लपवलंय. आत्ताही चालू आहे. फोनचं लॉक कोणाला माहीत?

मुलीने पेन घेतलं. मग लिहिलं: नवऱ्याला.

महिनाभर नवरा तिला न सांगितलेल्या गोष्टी बोलून दाखवत होता. बहिणीशी काय बोलली, कोणत्या रस्त्याने आली, लॅबमध्ये कोणाबरोबर हसली. ती समजत होती की लॅबमधलंच कोणीतरी चुगल्या करतंय. तिने एका मैत्रिणीशी बोलणं टाकलं होतं त्या संशयापायी. हे सगळं आम्हाला नंतर कळलं.

काकू मग अगदी रोजच्या आवाजात म्हणाल्या, "बॅटरी फुगलीय गं. बदलावी लागेल. फोन इथेच राहू दे, दोन तासांनी ये."

मुलीने त्यांच्याकडे पाहिलं. मग तीही म्हणाली, "बरं काकू. येते मी."

काकूंनी फोन उचलून माझ्या मशीनच्या फळीवर आणून ठेवला आणि मला हाताने खूण केली, शिवत राहा. मी उसवलेली पँट बाजूला टाकली, हाताला लागली ती चिंधी सुईखाली घातली आणि पाय दाबला. काकू मुलीला मागच्या खोलीत घेऊन गेल्या आणि दार लोटलं.

फळीवरच्या फोनला मशीनच्या खडखडाटापलीकडे काही ऐकू जात नसणार; मला मात्र आतलं बारीक बोलणं ऐकू येत होतं. मुलगी म्हणत होती की ते आत्ताच्या आत्ता काढून टाका. काकू नाही म्हणाल्या. अ‍ॅप काढलं की त्याला त्याच क्षणी कळेल, आणि संध्याकाळी तू त्याच घरात एकटी जाशील. मग त्यांनी जे सांगितलं ते मीही पहिल्यांदाच ऐकत होते. चार वर्षांपूर्वी अशीच एक बाई आली होती. काकूंनी तसलंच अ‍ॅप शोधून काढलं, ऐटीत पुसून टाकलं आणि तिला हसत घरी पाठवलं. दुसऱ्या दिवशी ती बाई दवाखान्यात होती. तिचा एक कान गेला.

"मला वाटलं, काम फत्ते केलं मी," काकू म्हणाल्या. "फोन साफ झाला. माणूस घरातच होता."

मुलीने विचारलं, "मग मी काय करू?"

काकूंनी तिला ठरवू दिलं. घरी परत जायचं असलं तर फोनला हातही लावणार नाही, जायचं नसलं तर कोण येऊ शकेल त्याचा विचार कर, असं म्हणून स्वतःचा फोन तिच्या हातात दिला. मुलीने थोरल्या बहिणीला लावला. बहीण शेजारच्या गावात, गाडीने तासाभराच्या अंतरावर. मुलगी फार बोललीच नाही. "ताई, मला न्यायला ये," म्हणाली आणि नंतर नुसतीच रडली.

काकू बाहेर आल्या. माझ्याजवळचा मुलीचा फोन न उचलता, आवाज न करता, त्यांनी दुकानात ठेवलेल्या साध्या कॅमेऱ्याने प्रत्येक स्क्रीनचे फोटो घेतले. अ‍ॅपचं नाव, परवानग्या, टाकल्याची तारीख. मग फोन टेबलावर नेऊन उष्ण हवा मारून मागचं झाकण अर्धं उचकटलं. बॅटरी मात्र जोडलेलीच ठेवली, फोन बंद पडून नवऱ्याला संशय येऊ नये म्हणून.

तेवढ्यात फोन वाजला. स्क्रीनवर नवऱ्याचं नाव. आम्ही दोघी बघत राहिलो. वाजून थांबला, पुन्हा वाजला. पाच वेळा. त्यानंतर फोन शांत झाला आणि मला ते जास्त वाईट वाटलं.

अर्ध्या तासात तो दुकानात आला. इस्त्रीचा शर्ट, हातात गाडीची किल्ली, आवाज गोड. "काकू, मिसेसचा फोन तुमच्याकडे आहे ना?"

ती फोन घेऊन इथे आलीय हे त्याला कोणी सांगितलं, हा प्रश्न माझ्या अगदी ओठांवर आला होता. काकूंनी माझ्याकडे एकदाच पाहिलं. मी मान खाली घातली आणि चिंधी शिवत राहिले.

"आहे," काकू म्हणाल्या. "उघडून ठेवलाय. गोंद ओला आहे."

"असू दे. तसाच द्या."

"पावती दाखवा, देते."

"पावती तिच्याकडे आहे. मी नवरा आहे तिचा."

"असाल. फोन तिने दिलाय, तिच्याच हातात देणार. माझ्याकडे सगळ्यांना हाच नियम आहे."

त्याचा आवाज बदलला. ओ बाई, असं त्याने सुरू केलं आणि पुढे बरंच बोलला; दुकान बंद करायला लावीन इथपर्यंत. बोलता बोलता तो पडद्यापर्यंत आला. तिथून मागच्या खोलीचं दार चार पावलांवर. मी उठले आणि कापडाचा मोठा गठ्ठा घेऊन पडद्याच्या तोंडाशीच मांडून बसले, मापं घ्यायला बसतात तशी. काकू टेबलामागून हलल्या नाहीत. त्यांचा एक हात फोनवर सपाट ठेवलेला होता.

"ती कुठे आहे?" त्याने विचारलं.

"सुट्टी संपली असेल, लॅबमध्ये बघा," काकू म्हणाल्या.

त्याने दुकानभर नजर फिरवली, मग स्वतःच्या फोनमध्ये पाहिलं. त्याच्या फोनला वाटत होतं ती इथेच आहे, आणि समोर तर ती नव्हती. शेवटी तो लॅबच्या दिशेने निघून गेला.

बहीण वीस मिनिटांनी मागच्या गल्लीत पोचली. मुलगी पांढऱ्या कोटातच गाडीत बसली. काकूंनी काढलेले फोटो बहिणीला दिले आणि मुलीला विचारून तिचा फोन पाकिटात घालून, वर सही करून, त्या स्वतः पोलीस चौकीत जमा करून आल्या. तिथल्या हवालदारीण बाईंना परवानगी म्हणजे काय, माइक कसा चालू राहतो, हे समजावता समजावता त्यांचा घसा बसला. परत आल्यावर त्या तांब्याभर पाणी एका दमात प्यायल्या आणि टेबलावर डोकं टेकून बसल्या.

नवरा आणखी दोनदा आला. दुसऱ्या वेळी दाराची काच फुटली. हवालदारीण बाईंनी येऊन पंचनामा केला, त्यानंतर मात्र तो फिरकला नाही.

मुलीने नंतर बहिणीच्या गावातल्या लॅबमध्ये नोकरी धरली. महिन्याभराने तिचा फोन आला, नव्या नंबरवरून. नवीन फोनमध्ये काय काय टाकू, असं विचारत होती. काकू तिला सांगत गेल्या. लॉक नवीन ठेव आणि कोणालाही सांगू नकोस, ताईलासुद्धा. पासवर्ड सगळे बदल. दर रविवारी परवानग्यांची यादी उघडून स्वतः वाच, मला विचारायची वेळ येऊ देऊ नकोस. मुलीने मधेच काहीतरी म्हटलं आणि काकू हसल्या. बऱ्याच दिवसांनी हसल्या.

नवऱ्यावर खटला उभा राहिलाय. पुढच्या महिन्यात काकूंची साक्ष आहे, आणि त्याचा वकील फाडून खाणारा आहे असं ऐकते. काकू आयुष्यात कधी कोर्टाची पायरी चढलेल्या नाहीत. झोप लागत नाही, असं त्या परवा स्वतःच मला म्हणाल्या. त्या चार वर्षांपूर्वीच्या बाईचा पत्ताही त्यांनी शोधून काढलाय. आधी तिच्याकडे जाणार आहेत, मग कोर्टात.