मठ्ठ गोजर

केदारखेड्यात कोणाचं हाड सरकलं, की माणसं आधी चतुराबाईच्या दारात यायची. निजामाच्या राज्यात आमच्या गावाला कुठला दवाखाना? आमचं घर तिच्या घराला लागून, मधी नुसती कुडाची भिंत, म्हणून सगळं माझ्या कानावर. म्हातारीच्या हाताला गुण व्हता, त्यात खोटं न्हाई. दुखणेकऱ्याला बोलण्यात गुंतवायची, अन् तो ओरडायच्या आत हाड जागेवर. मंग तेल, बांबूच्या कामट्या, पट्टी. पण शिकवायचं म्हणलं, तर तिला एवढंच यायचं, "बघ." ती स्वतः तशीच शिकल्ती, आईशेजारी गुपचूप बसून.

तिची सून गोजर पडली दुसऱ्या घडणीची. तिला नुसतं बघून काही उमगायचं न्हाई. सांगावं लागायचं, अन् सांगितलेलं स्वतःच्या तोंडानं म्हणून बघितल्याबिगर तिच्या डोक्यात शिरायचं न्हाई. एकदा शिरलं की मंग मरेपर्यंत विसरणार न्हाई, पण ते बघायला सवड कोणाला? आत्याबाई, अंगठा कुठं ठिवला? आधी वढायचं का आधी दाबायचं? असं का? म्हातारीला ह्या 'का'चा भारी राग. खरं सांगू, तिलाच ते सांगता यायचं न्हाई. तिच्या हाताला ठाऊक व्हतं, तोंडाला न्हाई. मंग सुनेलाच मठ्ठ म्हणायची. दुखणेकऱ्यापुढं, नदीवर, लग्नाकार्यात. ऐकून ऐकून गाव बी म्हणायला लागलं.

पण गोजर चिवट. दुखणेकरी पट्टी बांधून निघाला, की पाण्याचं निमित्त करून त्याला गाठायची. कुठं दाबलं, कळ कधी आली, कधी थांबली, सगळं इचारायची. कमरोद्दीन पिंजाऱ्याच्या मैमूनाचं कोपर निखळल्तं. तिला तर इतकं इचारलं, की ती म्हणाली, बाई, माझं दुखणं माझ्यापेक्षा तुलाच जास्त कळलं. असं गोळा केलेलं गोजर जात्यावर बसून पुटपुटायची. भिंतीतून मला रोज ऐकू यायचं.

मोठी लढाई चालू व्हती, रॉकेल मिळायची मारामार, त्या पावसाळ्यात चतुराबाई ओट्यावरून घसरली. उजवं मनगट वाकडं झालं. डाव्या हातानं स्वतःचं स्वतः बसवायला गेली, जमलं न्हाई. मी तिथंच व्हते. गोजर तेलाची वाटी घेऊन तिच्यापुढं बसली.

"आत्याबाई, मी बसवते. मला येतं."

म्हातारीनं हात छातीशी धरला. "बडबडीनं हाड बसत न्हाई. सरक तिकडं."

मी समजावलं, मैमूनानं समजावलं. न्हाई म्हणजे बिलकुल न्हाई. तिचा लेक कडूबा, तो तर बायकोवरच खेकसला. मनगट तसंच वाकडं जुळलं. ज्या हातानं गावाची हाडं बसवली, त्या हातानं घास उचलंना. मंग सून भरवायची, अन् म्हातारी घास गिळून तिलाच मठ्ठ म्हणायची. माझी तळपायाची आग मस्तकात जायची, आजही जाते.

दुखणेकरी यायचे, चतुराबाईचा हात बघायचे अन् माघारी फिरायचे. दारात उभ्या गोजरकडं कोणी नजर बी टाकायचं न्हाई. बैलगाडीत हिसके खात भोकरदनच्या दवाखान्यात जायचे, काही जन्माचे लंगडे झाले. पुढं गोजरनं पुटपुटणंच सोडलं. भिंतीपलीकडून नुसती जात्याची घरघर यायची.

पोलीस ॲक्शनच्या साली म्हातारी गेली. आम्ही बाया तिला आंघोळ घालून राह्यल्तो. गोजर उजव्या हातापाशी आली अन् थांबली. ते वाकडं मनगट तिनं दोन्ही हातांत घेतलं, अन् इतक्या वर्सांनी मोठ्यानं बोलली.

"अंगठा इथं ठिवायचा. आधी वढायचं, मंग दाबायचं, मंग खाली वाकवायचं. एवढंच व्हतं, आत्याबाई."

मागून एक बाई कुजबुजली, मठ्ठ ती मठ्ठच, मढ्याशी बोलून राह्यली. गोजरला ते ऐकू गेलं. तिनं म्हातारीचा हात हळूच खाली ठिवला अन् तांब्या भरून घेतला.