सणाचं कार्टून आणि आमची पोरं

पोरांचे किस्से कुणी मुद्दाम साठवत नाही. दोरीवरचे कपडे काढून पलंगावर टाकावेत, घडी उद्या करू म्हणावं, आणि उद्या बघितलं तर पलंगच दिसू नये, तसं होतं ते. चंडीगढच्या आमच्या गल्लीत हा सगळा ढीग माझ्याच घरात, कारण टीव्ही मोठा माझा. बघायला माझी ओवी, वरच्या मजल्यावरच्या शिंदे वहिनींचा सोहम आणि समोरच्या पंजाबी आजी, म्हणजे बीजी. बीजी ऐंशीच्या पुढच्या आहेत, पण कार्टूनला पहिल्या हजर. पोरं इथंच वाढली, घरातही हिंदीच बोलतात.

मी सातवी शिकलेली. ओवीचे बाबा फौजेत, सध्या बॉर्डरवर. तिला मी एवढंच सांगितलंय की बाबा गाडी चालवतात. खोटं नाही, ट्रकच चालवतात. पण "बाबा परत येतील ना?" असं तिनं विचारलं तर काय सांगायचं, हे मला ठाऊक नाही. म्हणून घरात बातम्या बंद, कार्टून चालू. आता कार्टूनवालेच सणासुदीला लढाया दाखवायला लागले, तर बाईनं करायचं काय?

*

पंधरा ऑगस्टच्या खास भागात एका झाडावरून कावळ्यांची आणि साळुंक्यांची जुंपली. अर्धं झाड यांचं, अर्धं त्यांचं. घरटी मोडली, पिल्लं उडाली. बीजी फाळणीत तिकडून आलेल्या, तेव्हा ओवीएवढ्याच होत्या. मला वाटलं, आता या उठून जातील. त्या हलल्या नाहीत.

सोहमनं विचारलं, "बीजी, पेड़ असल में किसका था?"

"पेड़ तो वहीं खड़ा है पुत्तर," बीजी चष्मा पुसत म्हणाल्या. "चले तो हम आए."

सोहम एका जागी कधी बसत नाही. त्या दिवशी जेवणाची हाक येईपर्यंत तो बीजींची चुन्नी धरून बसला होता.

*

बैसाखीच्या भागात सशांच्या रानावर वरून काहीबाही पडत होतं. ससे बिळात, तोंड खाली, बोटं कानात. मी वहिनींना म्हटलं, "हे लहान पोरांना दाखवायचं का?" वहिनी म्हणाल्या, "अगं, ससे आहेत ते."

पुढं उन्हाळ्यात एका सकाळी शहरात हवाई हल्ल्याचा खरा भोंगा वाजला. मी गॅस बंद केला, परत चालू केला, परत बंद केला. मग गच्चीवर पळाले आणि वाळत घातलेल्या कुरडया आत आणल्या. येऊन बघते तर दोघं पोरं टेबलाखाली, बोटं कानात. ओवीनं एक बोट काढलं आणि शेजारची उशी थोपटली.

"आई, आपकी जगह रखी है."

मी कुरडयांच्या ताटासकट आत शिरले.

*

नाताळच्या भागात म्हातारा हत्ती मेला, मागं नातू छोटू एकटा राहिला. पोरं रडली नाहीत. सोहमच्या आजोबांचा दहावा त्याच वर्षी गावी झालेला, त्यामुळं त्याला पुढचं सगळं पाठ. दोघांनी गच्चीवर भाताचा गोळा ठेवला आणि कावळ्याची वाट बघत बसली. कावळा कठड्यावर येऊन बसला, पण शिवेना.

वहिनी सहज बोलून गेल्या, "अरे, इच्छा राहिली असेल त्याची. शब्द द्यावा लागतो."

सोहमनं हात जोडले. "हाथी दादा, आपके छोटू को हम रोज़ देखेंगे. पक्का. होमवर्क के टाइम भी."

कावळा टुणकन खाली आला आणि शिवला. वहिनींनी तिथंच हात जोडले. त्या दिवसापासून होमवर्कच्या वेळी टीव्ही बंद करायची वहिनींची हिंमत नाही.

*

यंदाच्या दिवाळीच्या भागात खारीच्या पिल्लाचा बाप लढाईला गेलेला. पिल्लू आईला विचारतं, "पापा लौटेंगे ना?" खार नुसती पणत्या लावत राहिली. माझा हात रिमोटकडे गेला. ओवीनं तो हळूच बाजूला केला. शेवटपर्यंत बघितलं आणि मला एक अक्षर विचारलं नाही. त्यानं मी जास्तच घाबरले.

पाडव्याला संध्याकाळी ह्यांचा व्हिडिओ कॉल लागला. मी मोबाईल पाटावर उभा केला, काचेला कुंकू लावलं, ओवाळलं. तिकडे हे टोपी घालून, मान खाली करून बसले, अक्षता खरंच डोक्यावर पडणार असल्यासारखे. तेवढ्यात ओवीनं फोन उचलला. आता ही तेच विचारणार.

"बाबा, आपको वहाँ डर लगता है?"

ह्यांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. मग म्हणाले, "वाटते की गं भीती. कधी कधी."

"आई को भी लगता है," ओवी म्हणाली. "वो किसी को बताती नहीं."

तिनं फोन माझ्या हातात दिला. "अब आप दोनों बात करो."

आणि बाहेर जाताना दार ओढून घेतलं.