जनरेटरची रेस

नववीच्या वर्गाला मी व्होल्टेज आणि करंट शिकवते. व्होल्टेज म्हणजे गच्चीवरच्या टाकीतल्या पाण्याचा दाब, करंट म्हणजे नळातून प्रत्यक्ष वाहणारं पाणी. मुलांना हे पटतं. आमच्या अण्णांना, म्हणजे माझ्या वडिलांना, कधीच पटलं नाही. राहुरीजवळच्या आमच्या वस्तीवर विजेला एकच शब्द, लाइट. लाइट आली, लाइट गेली, लाइट फुल हाय, लाइट डीम हाय. करंट फक्त बसतो, ओल्या हातानं बटण दाबलं की. मी काही सांगायला गेले तर पालथ्या घड्यावर पाणी.

अण्णांची फुफ्फुसं निकामी होत चालली, तेव्हा डॉक्टरांनी घरी ऑक्सिजनचं मशीन लावायला सांगितलं. हवेतून ऑक्सिजन गाळून नाकातल्या नळीत सोडणारं, प्लगवर चालणारं. ते चालू तोवर अण्णा, इतकं सरळ होतं ते. अडीअडचणीला एक लहान सिलिंडर. मी रजा टाकून माहेरी आले आणि त्याच आठवड्यात वस्तीची डीपी जळाली. जळालेला ट्रान्सफॉर्मर बदलून कधी मिळेल, हे आमच्याकडं देवसुद्धा सांगत नाही. घरचं झालं थोडं अन् व्याह्यानं धाडलं घोडं, त्यातली गत.

भावानं एका मंडपवाल्याचा जुना डिझेल जनरेटर आणला. व्होल्टेज आपोआप सांभाळायची सोय त्यात नव्हती. इंजिन जोरात पळालं की व्होल्टेज चढणार, मंदावलं की पडणार, आणि जास्त करंट ओढणारं काही जोडलं की इंजिन दबणार. मी भावाला बजावलं, "यावर मशीन, एक पंखा, एक दिवा. स्टॅबिलायझर येईस्तोवर दुसरं काही लावायचं नाही." तो मान हलवून मोकळा झाला.

अण्णांची स्वतःची रीत होती. गोठ्याच्या दारात त्यांनी जुना पिवळा शंभरचा बल्ब जपला होता. नवे एलईडी दिवे लाइट डीम झाली तरी तसेच जळतात, त्यांच्यावरून काही कळत नाही, म्हणून. बल्ब लालसर झाला की इंजिनाची रेस, म्हणजे वेग, वाढवायची, पांढरा झाला की रेसची दांडी तिथंच तारेनं बांधून टाकायची. त्यांचं बघून शिकलेल्या आसपासच्या सगळ्या वस्त्या असंच करतात. मोटारी, गिरण्या, लग्नातले स्पीकर, सगळं त्यावर चाललं. मग त्यांचं कोण चुकीचं म्हणणार?

दुपारी गाई हंबरायला लागल्या. कुट्टी संपली होती आणि कडबाकुट्टीचं मशीन विजेवर. अण्णा कॉटवरून ऐकत होते. शेवटी त्यांनी भावाला हाक मारली.

"कुट्टी कर. जनावरं उपाशी हायेत."

"अण्णा, तुमचं मशीन चालू आहे त्याच्यावर," मी म्हणाले. "कुट्टीची मोटार लई करंट ओढते. हाताच्या कोयत्यानं तोडू आपण."

"एवढ्या जनावरांना कोयत्यानं? बल्ब बघ, लाइट फुल हाय."

"बल्बावरून कळत नाही, अण्णा."

"तुझ्या शाळंत न्हाई कळत," ते धापा टाकत म्हणाले, आणि हसले. ते हसले म्हणून मी गप्प बसले. किती दिवसांनी हसले होते.

भावानं कडबाकुट्टी जोडली. इंजिन घरघरलं, खिडकीतून दिसणारा तो बल्ब लाल झाला आणि ऑक्सिजनचं मशीन बीप बीप करायला लागलं. मी दारातून बंद कर म्हणून ओरडले, पण इंजिनापुढं माझा आवाज कुठला. अण्णांनी पडल्या पडल्या हात वर करून इशारा केला. रेस वाढव. तो इशारा मात्र भावाला बरोबर दिसला. त्यानं रेस वाढवली, तार बांधली. बल्ब पांढरा झाला, बीप थांबलं. अण्णांनी माझ्याकडं पाहिलं, बघ म्हणून.

कडबा संपला. भावानं नेहमीसारखं आधी कुट्टीचं बटण बंद केलं. ओझं एकदम उतरलं, रेस तारेनं बांधलेली तशीच. इंजिन उधळलं. बल्ब झगझगीत होऊन फुटला. मशीनमधून करपल्याचा वास आला, एक लांब शिट्टी वाजली आणि मग काहीच वाजलं नाही. मला रडू आलं नाही. संताप आला, सगळ्यांचा, त्या गाईंचासुद्धा.

सिलिंडर जोडला. पिकअपच्या हौद्यात गादी टाकून तालुक्याच्या दवाखान्यात नेईपर्यंत तो पुरला, पण अण्णांची नखं निळी झाली होती. डॉक्टर माझ्याशी हळू आवाजात बोलले. आशा नव्हती. भाऊ बाहेर पायरीवर डोकं धरून बसला होता.

संध्याकाळी अण्णांनी मला जवळ बोलावलं. तोंडावरचा मास्क बाजूला सारून विचारलं, "मशीन कशानं गेलं गं? रेस मी वाढवाय लावली, त्यानं?"

वर्गात मी हे किती वेळा सांगितलंय. फळ्यावर आकृती काढून सांगितलंय. त्यांनी आयुष्यात पहिल्यांदाच मला त्यातलं काही विचारलं होतं.

"नाही, अण्णा," मी म्हणाले. "मशीनच खराब होतं. रेसचा काही संबंध नाही."

"व्हय का," ते म्हणाले. त्यांचा चेहरा निवला. "मग घरी गेल्यावर तेवढ्यावरच ठेवा. लाइट फुल हुती."

घरी ते आले नाहीत. भाऊ अजून रेस तेवढ्यावरच बांधतो, अण्णांचं शेवटचं सांगणं म्हणून, आणि मी त्याला काही बोलू शकत नाही. विजेच्या बाबतीत अण्णांनी माझं ऐकलं ते एवढं एकदाच, आणि तेव्हा मी खोटं बोलले होते.