आवाज न करता आलेली गाडी

नोकरीतली मोठमोठी प्रकरणं आता पुसट झाली आहेत, पण मल्लेश्वरमच्या उतारावरचा तो साधा अपघात काही केल्या डोक्यातून जात नाही. खून नव्हता, दरोडा नव्हता. एका म्हाताऱ्या बाईंना गाडीची धडक बसून मांडीचं हाड मोडलं होतं, एवढंच.

नव्वदच्या दशकात मी बेंगळुरूच्या एका वाहतूक पोलीस ठाण्यात निरीक्षक होतो. सकाळी हजेरी, मग चौकाचौकांत बंदोबस्त आणि दिवसभर लोकांच्या सवयींशी झटापट, हा आमचा दिनक्रम. समोरच्याच्या डोळ्यांवर दिव्यांचा झोत मारणारे, सिग्नल बदलायच्या आधीच मागून हॉर्न कोकलवणारे, फूटपाथवर स्कूटर घालणारे, सगळे माझ्या परिचयाचे. इथल्या रिक्षावाल्यांची तर खास पद्धत. वळायचं असलं की हात दाखवायचा नाही, सरळ पाय बाहेर काढायचा. तो पाय दिसला की माझं डोकं फिरायचं आणि पावती फाटायचीच.

तर असाच एक तिशीतला रिक्षावाला त्या सकाळी ठाण्यात बसला होता. उतारावर पडलेल्या बाईंना त्यानेच उचलून इस्पितळात नेलं होतं, आणि बाईंच्या मुलाने फिर्याद दिली होती तीही त्याच्याच विरुद्ध. बेदरकारपणे वाहन चालवून गंभीर दुखापत, असा गुन्हा दाखल झाला. जामीन ठाण्यातच मिळाला, पण रिक्षा जप्त होऊन आवारात उभी राहिली. म्हणजे त्याच्या घरची चूल बंद.

"सार, माझ्या पुढे एक मोटार गेली," तो म्हणाला. "रंग नाही बघितला. मी त्या पडलेल्या अक्कांकडे बघत होतो."

माझे उपनिरीक्षक हसले. धडक देणारा प्रत्येक जण अशी एक मोटार सांगतोच, आणि ते खरंही होतं. रिक्षावाला हसला नाही. त्याने मलाच विचारलं, "उद्या रस्त्यात कोणी पडलेलं दिसलं तर मी थांबू की नको सार? तेवढं सांगा, मग जातो."

दोषारोपपत्र त्याच्यावर गेलं असतं तर उत्तर सरळ 'नको' असंच झालं असतं, आणि ते त्याच्या सगळ्या स्टँडला कळलं असतं. मी इस्पितळ गाठलं.

बाई सत्तरीच्या, आमच्यासारख्याच पिढ्यान्‌पिढ्या इथे राहिलेल्या मराठी घरातल्या. सगळे त्यांना अक्का म्हणत. डोळ्यांत मोतीबिंदू, पण जबाब देताना आवाज खणखणीत.

"साहेब, स्वल्प ऐका माझं," त्या म्हणाल्या. "मी रस्ता कानांनी ओलांडते. थांबले, ऐकलं, काही येत नव्हतं, म्हणून पाऊल टाकलं. आधी धक्का बसला. रिक्षाची फटफट त्यानंतर आली. तो पोरगा मला उचलायला आला हो, पाडायला नाही."

मुलगा पलंगाशी उभा होता. "आई, कान गेलेत तुझे. साहेब, धडक बसल्यावर ही भोवळ येऊन पडली होती, हिला काय आठवणार? आता बरी झाली तरी एकटीने देवळात जाणं बंद."

अक्कांनी भिंतीकडे तोंड फिरवलं.

जबाब परिस्थितीशी जुळत नसला की तो चुकीचा ठरवून मोकळं व्हायची घाई आमच्या खात्यात फार. मी उलट बाजूने सुरुवात केली. अक्का म्हणतात ते अक्षरशः खरं धरलं. धक्का बसला म्हणजे गाडी होती. मग आवाज न करता येणारी गाडी कुठली?

घटनास्थळाचा पंचनामा, ज्याला आमच्याकडे महजर म्हणतात, तो झाला होता. तरी मी पुन्हा जाऊन सकाळच्या वेळी उतारावर उभा राहिलो. उत्तर डोळ्यांसमोरूनच गेलं. पेट्रोल वाचावं म्हणून उताराच्या माथ्यावर किल्ली बंद करायची आणि गाडी न्यूट्रलमध्ये सोडून द्यायची, ही इथल्या शहाण्यांची जुनी सवय. मोटारी आणि स्कूटरी एकामागून एक मुक्याने खाली येत होत्या. न्यूट्रल म्हणजे गिअरचा आधार नाही, सगळा भार ब्रेकवर. चार थेंब पेट्रोलसाठी ही अक्कल. चीड आली, पण उलगडाही झाला.

आता यांतला नेमका कोण? त्या वेळी रोज उतरणाऱ्यांची चौकशी करायला मी हवालदाराला साध्या कपड्यांत पाठवलं. पायथ्याशी उभ्याने इडली-कॉफी घेण्याचं हॉटेल होतं. तिथल्या मालकाने कॉफी देता देता सहज सांगितलं, "आमच्या कापडवाल्या शेठांची क्रीम रंगाची गाडी रोज अशीच गपचूप यायची. इथे ब्रेक किंचाळला की कळायचं, शेठ आले. त्या अक्का पडल्या तेव्हापासून मात्र इंजिन चालू ठेवून, वरपासून हॉर्न मारत येतात."

हवालदाराला यात काही विशेष वाटलं नाही. मला वाटलं. मी सवय असलेल्याला शोधत होतो आणि माझा माणूस निघाला सवय सोडलेला. पेट्रोल वाचवणारा माणूस एका दिवसात उगीच उधळा होत नाही.

शेठांना ठाण्यात बोलावलं. तेही मराठी, गणेशोत्सवात पुढे असणारे, सफारी सूट घातलेले. बसल्या बसल्या म्हणाले, "साहेब, आपण एकाच समाजातले."

"जखमी अक्काही आपल्याच समाजातल्या आहेत," मी म्हटलं आणि कॉफी मागवली.

चौकशीत आवाज चढवणाऱ्यांपैकी मी नव्हतो. वाहन चालवणाऱ्याला बोलतं करायला दुसऱ्यांच्या चुकांचा विषय काढावा. मी पादचाऱ्यांना नावं ठेवायला सुरुवात केली. कसे मध्येच येतात, कसे बघत नाहीत. शेठ खुलले.

"अगदी बरोबर. हॉर्न दिला तरी ढिम्म हलत नाहीत."

"कोण हलल्या नाहीत?"

शेठांनी कप खाली ठेवला. म्हणाले, "मी हॉर्न दिला होता साहेब. दोनदा दाबला. त्या बाईच थांबल्या नाहीत, त्याला मी काय करू? घाबरलो, गाडी सुरू केली आणि निघून गेलो."

कबुली मिळाली होती, पण अक्कांनी हॉर्न ऐकला नव्हता आणि मला त्यांचे कान खरे ठरवायचे होते. शेठांना घेऊन मी त्यांच्या गाडीपाशी गेलो आणि पंचांसमोर त्यांना आत बसवलं.

"किल्ली बंद करा. आता हॉर्न द्या."

त्यांनी दाबला. काहीच वाजलं नाही. पुन्हा दोन्ही अंगठ्यांनी दाबला. त्या गाडीचा हॉर्न किल्ली चालू असेल तरच वाजायचा, आणि मोकळ्या उतारावर इतक्या वर्षांत तो द्यायची वेळच त्यांच्यावर आली नव्हती. शेठ स्टिअरिंगकडे बघत राहिले.

"मला वाटलं वाजला," ते हळूच म्हणाले. "तेवढ्यावरच तर मी झोपत होतो."

मला त्या क्षणी त्यांची कीव आली. दोषारोपपत्र मात्र त्यांच्यावरच गेलं, पळून गेल्याच्या कलमासकट. रिक्षावाल्याचं नाव वगळण्याचा अहवाल मी न्यायालयात पाठवला.

अक्कांना सांगायला मी स्वतः गेलो. त्यांनी आधी विचारलं, "त्याची रिक्षा सोडली?"

"आज सोडतोय."

"सरी, बरं झालं. आता माझ्या मुलाला सांगा, माझे कान शाबूत आहेत."

मी तिथेच सांगितलं. मुलाची मान खाली गेली.

रस्त्यावरच्या भांडणात प्रत्येकाची तक्रार दुसऱ्याबद्दल असते, आणि आपण इशारा दिला होता याबद्दल प्रत्येकाची खात्री असते. ही खात्री मी त्यानंतर कधीच पुरावा मानली नाही. दिलेला इशारा पोहोचला का, हे ज्याला इजा झाली त्यालाच विचारलं पाहिजे.

दुपारी रिक्षावाला गाडी न्यायला आला. सहीशिक्का झाल्यावर मी त्याला थांबवलं. "तू विचारलं होतंस ना, पडलेल्या माणसासाठी थांबायचं की नाही? थांबायचं. कोणी त्रास दिला तर माझ्याकडे यायचं."

"सरी सार," तो म्हणाला. खाली वाकून हँडल ओढलं, रिक्षा फडफडली. फाटकातून वळताना त्याने हात दाखवला नाही, पाय बाहेर काढला. हवालदाराने पावती पुस्तक उघडून माझ्याकडे बघितलं. मी त्याला ते मिटायला सांगितलं.