भाऊजींची शेवटची रांग

'हो' या शब्दाला आमच्या भाऊजींइतका घाबरणारा माणूस अख्ख्या बुलढाणा जिल्ह्यात सापडणार नाही. भाऊजी म्हणजे माझ्या ताईचे मालक, केंद्रप्रमुख. देऊळघाटच्या आसपासच्या आठ-दहा शाळा त्यांच्याकडे. मास्तरांनी "समजलं का?" विचारलं आणि पोरं एका सुरात "होऽऽ सर" म्हणाली, की भाऊजींना घाम फुटायचा. मुख्याध्यापकांना ते एवढंच सांगत, की ऑफिसातून शाळा दिसत नाही, वर्गात शेवटच्या रांगेत बसा. एका शाळेत नव्या मुख्याध्यापिका मॅडम ऑनलाइन माहिती भरता भरता मान वर करीनात, तर भाऊजींनी त्यांची खुर्चीच उचलून चौथीच्या वर्गात मागे नेऊन ठेवली.

"सर, खुर्ची नेलीच आहे, तर टेबलही न्या," मॅडम चिडून म्हणाल्या.

"टेबल राहू द्या. त्या भिंतीजवळच्या पोरीकडं पाहा फक्त."

ती पोरगी दुसऱ्यांचे ओठ पाहून उत्तरं म्हणत होती. त्या दिवसापासून मॅडम आणि वर्गाच्या बाई शाळा सुटल्यावर उद्याचा धडा एकमेकींना शिकवून पाहू लागल्या, आणि खुर्ची काही ऑफिसात परत गेली नाही.

मी आठवीतून शाळा सोडलेला, आता इकडे राजकोटला कारखान्यात. तरी केंद्रातल्या शिक्षकांची शिक्षण परिषद जवळ आली, की जेवणाच्या सुट्टीत भाऊजींचा फोन ठरलेला. तिथं जे सांगायचं, ते आधी माझ्यावर करून बघायचं. पोळीचे तुकडे करत मी अपूर्णांक शिकलो तो असा. वाटायचं, मला कळलं नाही तर तिकडची सगळी पोरं बुडतील.

"भाऊजी, मी शाळा सोडलेला माणूस. मले काऊन छळून राह्यले?"

"साळेबुवा, मास्तर लोक लाजून हो म्हणतात. तू लाजत नाहीस. चल, आता तू मले शिकव."

भाऊजी उन्हाळ्यात रिटायर झाले. ताई सांगते, विहारात प्रवचन संपलं की मागच्या रांगेतल्या म्हाताऱ्यांना गाठून विचारतात, काय ऐकलं ते सांगा. म्हाताऱ्या आता पुढे बसतात.

आणि उद्यापासून पत्रा कापायच्या प्रेसवर नव्या पोरांना शिकवायचं काम साहेबांनी माझ्यावर टाकलंय. ती मान हलवतील, "हो" म्हणतील, आणि एखाद्याची बोटं जातील. दोन दिवस हेच डोक्यात. आज सुट्टीत मीच फोन लावला.

"घाबरून राह्यला काय बे? मी नवा पोरगा समज. सांग मले मशीन."

मी सांगितलं. पत्रा असा सरकवायचा, खुणेला लावायचा, पायडल दाबायचं.

"पायडल दाबतानी माहा डावा हात कुठी असन?"

नेमकं तेच सांगायचं राहिलं होतं. मग पहिल्यापासून सांगितलं, हातापासून सुरुवात करून. भाऊजींनी ते जसंच्या तसं मला परत सांगितलं, एक शब्द चुकला नाही. सुट्टी संपल्याचा भोंगा झाला. मी म्हटलं, ठेवू का?

"अजून एक डाव सांग ना," भाऊजी म्हणाले, "मले नीट नाही समजलं."

मी उभ्याउभ्या पुन्हा सांगितलं, सावकाश.