भावोजींच्या गाडीचा आवाज

माझे भावोजी, म्हणजे थोरल्या बहिणीचे यजमान, उभ्या आयुष्यात कोणावर ओरडले नाहीत. ओरडतात कसं हेच त्यांना ठाऊक नसावं. ते कानाच्या दवाखान्यात लोकांचे कान तपासायचे. भिंतींना गाद्या लावलेली एक बारकी खोली, तिला दुहेरी दार, आत हेडफोन घालून बसलेला माणूस आणि काचेबाहेर भावोजी. "आवाज आला की बटण दाबा," एवढं एकच वाक्य ते दिवसभर म्हणायचे, तेही इतक्या मऊ स्वरात की धडधाकट कानाच्या माणसालाही आपल्या कानांची शंका यावी. मी त्यांच्या खालच्याच मजल्यावर राहते, पण जिन्यावर त्यांची चाहूल मला कधी लागली नाही.

असा माणूस स्पोर्ट्स कार घेतो म्हणाला तेव्हा मी हसत सुटले. पण ते खूळ जुनं होतं. जेवताजेवता त्यांचा घास हातातच राहायचा आणि नजर खिडकीबाहेर जायची.

"कुठं पोचलात?" मी विचारायचे.

"डोंगरात," ते म्हणायचे.

त्यांच्या मनात एक रस्ता होता. एका अंगाला कातळ, दुसऱ्या अंगाला धुकं. गाडी वळण घेते, तिचा आवाज कातळावर आपटतो आणि पुन्हा अंगावर येतो. शेजारी ताई. या स्वप्नात ताई कायम शेजारी असायची, ते मला आवडायचं. गाडीच दोन माणसांची, त्यामुळे मला जागा नसायची, ते तितकंसं आवडायचं नाही.

निवृत्त झाल्यावर त्यांनी खरंच गाडी पसंत केली. रंग ठरला, सीटा ठरल्या आणि घोडं अडलं ते सायलेन्सरपाशी. शोरूममधल्या विक्रेत्याला आम्ही टायवाला म्हणायचो, कारण कितीही उकडलं तरी त्याच्या टायची गाठ सैल होत नसे. त्यानं समजावलं की साधा सायलेन्सर गाडीबरोबर येतोच, पण त्याच्यावरचा, खास असा एक आहे. "साहेब, तो घेतलात तर गाडी बोलते!" सायलेन्सर नावाची वस्तू आवाज वाढवायला विकत घ्यायची, हा उफराटा कारभार माझ्या डोक्यात शिरेना. भावोजींच्या मात्र तो थेट काळजात शिरला. शनिवारपर्यंत सांगायचं होतं. गाडी कारखान्यातून तशीच बनून येणार, मागाहून बदल नाही.

"मला तो मोठाच हवाय गं," भावोजी माझ्यापाशी कबूल झाले. "पण तुझ्या ताईला नाही सोसला तर? एकदा बसेल, दोनदा बसेल, मग म्हणेल, तुम्हीच जा. एकट्यानंच जायचं तर मी बसनं नसतो का गेलो?"

ताई शेजारी बसणार की नाही, सगळा प्रश्न एवढाच होता.

ताईला विचारलं तर ती लगेच म्हणाली, "घ्या की! मला कसला त्रास?" आणि दुसऱ्याच विषयावर घसरली. हल्ली ती फार बोलायची. मी जिना चढून वर जाते न जाते तोच तिचं सुरू व्हायचं. पडद्याचं कापड कसं आटलं, दूधवाला कसा शिष्ट झालाय, आपली मावशी सुनेला कशी घाबरते. समोरच्याला तोंड उघडायला फट म्हणून ठेवायची नाही. वय झालं की एकेकाची जीभ सुटते, असं म्हणून मी सोडून दिलं होतं. भावोजींची काही तक्रार नव्हती. ते मुळातच ऐकणारे.

पण नुसत्या होकारावर विसंबतील ते भावोजी कसले? त्यांनी ताईची रीतसर परीक्षा घ्यायची ठरवली. टायवाल्यानं आणि त्याच्या मेकॅनिकनं शोरूममधल्या दोन्ही गाड्या आमच्या रस्त्यावर आणल्या. ताईनं गॅलरीत उभं राहायचं. आवाज आला की हात वर करायचा, सोसेना झाला की कानांवर ठेवायचा. भावोजी गाडीत बसून नजर ठेवणार.

पेंगुळलेली दुपार होती. दुकानांचे पडदे खाली सोडलेले, उन्हात धूळ तरंगत होती, रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. साधी गाडी गुणगुणत आली. कोपऱ्यावरच्या शिंप्याच्या दुकानापाशी पोचताच ताईचा हात वर. मग मोठी गाडी निघाली. मी आत चहा टाकत होते. गाडी अजून पोस्टाच्या मागे, नजरेआड होती, तरी कपाटातल्या बश्या किणकिणायला लागल्या. शेजारणीचं मांजर शेपूट फुलवून पळालं. मी हातातलं टाकून गॅलरीत धावले. पाहते तर ताई कठड्याला रेलून खुशाल उभी. गाडी शिंप्याच्या दुकानाशी वळली आणि तिनं हसत हात वर केला.

भावोजी वर आले ते फुललेल्या चेहऱ्यानं. "कानांवर हात नाहीच! टायवाला म्हणतो, वहिनी भलत्याच शौकीन आहेत. दोन्ही वेळा हात शिंप्यापाशीच वर." ते बसले, अर्धा कप चहा प्यायले आणि कप ओठांशी तसाच राहिला. मला वाटलं, गेले डोंगरात. पण ते इथंच होते.

"दोन्ही वेळा शिंप्यापाशीच," ते पुन्हा म्हणाले. हळू, स्वतःशी.

मग त्यांनी मला सांगितलं. दवाखान्यात आवाज सोडणारा तपासणाऱ्याचा हात दिसेल असं पेशंटला कधी बसवायचं नाही. माणूस मुद्दाम खोटं बोलतो असं नव्हे, पण कानाला कमी पडलं की डोळा मदतीला धावतो, आणि आपण ऐकलं असंच माणसाला वाटतं. हा नियम त्यांनी जन्मभर पाळला होता. आणि घरच्या माणसाला त्यांनी रस्त्याकडे तोंड करून उभं केलं होतं.

मोठी गाडी पुन्हा पाठवली. या वेळी ताईला भिंतीकडे तोंड करायला सांगितलं. कान तपासणाऱ्याची बायको ती, तिला काय ते कळलं असणार. पोस्टामागे गाडी गुरगुरली, ताई हलली नाही. शिंप्यापाशी माझे कान दणाणले, ताई हलली नाही. गाडी अगदी खाली येऊन उभी राहिली, टायवाल्यानं जोरात रेस केली, तेव्हा तिचा हात कसाबसा खांद्यापर्यंत आला. मग ती वळली आणि आमचे चेहरे तिनं पाहिले.

"उजवा कधीचाच गेल्यात जमा आहे," ती म्हणाली. "डावा आहे थोडा."

"मला का नाही सांगितलंस?"

ताई त्यांच्या ओठांकडे बघत होती. "तुम्ही दिवसभर बहिऱ्यांशीच बोलायचात. म्हटलं, घरी तरी तुम्हाला सुट्टी असावी."

मला रडू आवरेना. ती इतकी का बोलायची ते आता उमगलं. समोरच्याला बोलूच दिलं नाही की ऐकायची पाळी येत नाही. भावोजी तिच्या डाव्या कानापाशी वाकले आणि काहीतरी म्हणाले. मला ते ऐकू आलं नाही. तिला आलं.

खाली टायवाला वाट पाहत होता. "मग साहेब, मोठाच ना?"

"मोठाच," भावोजी म्हणाले. "तिला निदान गाडी तरी ऐकू येईल."

ताईला शेजारी बसवून त्यांनी त्याच गाडीतून एक फेरी मारली. सुटताना ताईनं दारावर तळवा ठेवला आणि लहान मुलीसारखी ओरडली, "छातीत वाजतंय हो!" मला वाटलं, मिटलं एकदाचं. भावोजींचं स्वप्नही पुरं झालं आणि ताईचीही सोय झाली. पण ती परत आली ती मान हलवतच.

"साधा घ्या," ती म्हणाली.

"का गं? ऐकू येतोय ना तुला?"

"येतोय. पण तुम्ही सगळी वाट काहीतरी सांगत होतात, तेही रस्त्याकडे बघून. मला अर्धेच ओठ दिसत होते. काय म्हणत होतात?"

भावोजी ओशाळले. "काही विशेष नाही."

"मग तेच ऐकायचंय मला."

टायवाल्याचं तोंड उतरलं. साधा सायलेन्सर ठरला. नंतर भावोजी ताईला आपल्या जुन्या दवाखान्यात घेऊन गेले, गाद्यांच्या खोलीत बसवून त्यांनी स्वतः तिचे कान तपासले, आणि दोन्ही कानांना यंत्रं बसली. यंत्र सगळेच आवाज चढवतं, गाडीचाही, त्यामुळे साधा घेतला तेच बरं झालं असं ते म्हणाले. मोठ्याचं नाव मात्र पुन्हा काढलं नाही. त्यांना तो किती हवा होता हे मला माहीत होतं, आणि मला वाईट वाटत होतं.

गाडी आली. पहिल्या सकाळी दोघं फिरायला निघाली. बराच वेळ इंजिन चालू, पण गाडी जागची हलेना. नवीकोरी गाडी बिघडली की काय म्हणून मी चपला अडकवून खाली धावले. काच खाली होती. आणि आत, जन्मात कधी आवाज न चढवलेले माझे भावोजी गाल फुगवून, स्टिअरिंगवर थुंकी उडवत, मोठा सायलेन्सर कसा वाजला असता ते ताईला तोंडानं काढून दाखवत होते. "घुर्रर्र, घुर्रर्र, आणि पाय काढला की फट्, फट्, फट्!" शिंपी गळ्यातल्या टेपसकट दुकानाबाहेर येऊन बघत होता. भावोजींना त्याची शुद्ध नव्हती.

ताई डोळे मिटून ऐकत होती.

"हा मोठा झाला," ती म्हणाली. "आता साधा काढा."

"तो काय काढायचा? तो चालूच आहे की," म्हणून भावोजी गप्प झाले.

ताईनं डोळे उघडले नाहीत. मान जराशी पुढं करून ती इंजिन ऐकू लागली.

"येतोय," ती म्हणाली. "चला आता. आणि बोलत राहा."